सदोबाचा पाव वळसा

बोरवडी नावाच्या गावात एक भोळा गाडीवाला होता. नाव सदोबा. गाडी काही त्यानं घेतलेली नव्हती. चुलता गेला आणि ती त्याच्या गळ्यात पडली. एवढीशी मोटार, वयानं सदोबापेक्षा मोठी. सदोबाला कुणी काही सांगितलं की तो ते तंतोतंत करायचा. फक्त जिथं करायला सांगितलं तिथं करायचा नाही.

त्या साली धोंड्याचा महिना आला. धोंड्यात जावयानं सासुरवाडीला जायचं, तेहतीस अनारशांचं वाण घ्यायचं, ही रीत. सदोबाचे सासरे खाशाबा म्हणजे जमदग्नी. त्यांनी आधीच निरोप धाडला, की या खेपेला चार पाहुण्यांत जावयानं येडपटपणा केला तर चांगुणा माघारी येणार नाही, माहेरीच राहील. चांगुणा सदोबाची बायको. तिच्यावाचून त्याला सदऱ्याची बटणंसुद्धा सरळ लावता येत नव्हती, आणि घासही गोड लागत नव्हता.

गाडीतनंच झोकात जायचं असं त्यानं ठरवलं. पण गाडी खोकत होती. म्हणून तो हमीदचाचा मिस्त्रीकडं गेला. चाचांनी बॉनेट उघडलं, कार्बोरेटर खोलला आणि त्यातलं सुईच्या भोकाएवढं जेट त्याला दाखवलं. इथनं इंजिनाला पेट्रोल जातं, म्हणाले. इथं कचरा अडकला की तार खुपसायची नाही. तोंडानं जोरात फुंकर मारायची.

सदोबानं ते घोकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चांगुणानं त्याला मिरच्या कांडून आणायला डंकावर पाठवलं. डंकाचं तोंड चटणीनं तुंबलं होतं. डंकवाला तार शोधत होता. सदोबा म्हणाला, तार नको, आणि छाती भरून फुंकर मारली. गल्लीतली माणसं संध्याकाळपर्यंत शिंकत होती. डंकवाला तर दोन दिवस रडत होता, घरात सगळं नीट असून.

चाचांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अरे बाबा, सगळीकडं फुंकायचं नसतं. चिकटून बसलेलं असलं की पेट्रोलात बुडवून ठेवायचं. आपोआप सुटतं."

सदोबा घरी आला. चांगुणानं माहेरी न्यायला गूळपापडी थापली होती आणि ती ताटाला घट्ट चिकटली होती. उलथनं घेऊन ती नुसती घामाघूम झाली होती. सदोबा म्हणाला, तू बस, मी बघतो. त्यानं ताट परसात नेलं आणि डबाभर पेट्रोलात बुडवलं. गूळपापडी सुटली. तिच्या वासानं शेजारची दोन मांजरं गाव सोडून गेली.

चाचा आता घरीच आले. त्यांना वाटलं, ह्याला गाडीपाशी उभं करूनच शिकवावं. गाडी थंड होती, सुरू होईना, नुसती खोकत होती. चाचांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. हवा तोडली की थंड गाडी पेट्रोल ओढते, म्हणाले, आणि गुरगुरली की हात काढायचा. मग दहा मिनिटं बंद करायची नाही. गाडी गुरगुरली. नंतर त्यांनी एक बारका स्क्रू दाखवला.

"हा एकदम फिरवायचा नाही. पाव वळसा द्यायचा, थांबायचं, आवाज ऐकायचा. सूर लागला की सोडून द्यायचा. आणि काम झालं की फडक्याला हात पुसायचा. तेवढं तरी विसरू नको."

सदोबा म्हणाला, मी काहीच विसरत नाही. हे खरंच होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

सकाळी दोघं निघाली. तांबेवाडीच्या ओढ्यापाशी मोठं वळण आलं. सदोबानं स्टेअरिंगला पाव वळसा दिला. थांबला. आवाज ऐकला. तोवर गाडी कडब्याच्या गंजीत शिरली होती. चांगुणा डोक्यातला कडबा काढत म्हणाली, "अहो, पाव वळसा रस्त्यावर नसतो द्यायचा. जिथं आवाज फार होतो, तिथं द्यायचा." सदोबानं मान डोलावली. हेही त्यानं लक्षात ठेवलं.

सासुरवाडीला पाहुण्यांनी सोपा भरला होता. जावयाला पाटावर बसवलं. समोर खाशाबा नवं धोतर नेसून, हातात अनारशांचं ताट घेऊन बसले. चांगुणा मनात देवाचं नाव घेत होती. एवढ्यात आतून तळणाचा धूर आला आणि खाशाबांना खोकल्याची उबळ आली. एकदा खोकले, दोनदा खोकले, काही केल्या थांबेनात.

सदोबा उठला. सासऱ्यांच्या तोंडावर त्यानं तळहात दाबला.

खाशाबांचे डोळे मोठे झाले. अनारसे सोपाभर गडगडले. मग ते गुरगुरले. सदोबानं लगेच हात काढला आणि पाहुण्यांना सांगितलं, "मामा चालू झाले. आता दहा मिनिटं कुणी बंद करू नका."

खाशाबा खरंच चालू झाले. त्यांनी सदोबाची सात पिढ्यांपासून हजेरी घेतली. मुलगी इथंच राहणार, म्हणाले, आणि ते असं म्हणाले की आढ्यावरची कबुतरं उडाली. सदोबाला वाटलं, आवाज फार होतोय. त्यानं सासऱ्यांचा उजवा कान धरला आणि पाव वळसा दिला. थांबला. ऐकलं.

खाशाबांचा आवाज बंद. जन्मात त्यांच्या कानाला कुणी हात लावला नव्हता.

सगळ्यांत आधी हसल्या त्या सासूबाई. हसता हसता खाली बसल्या. म्हणाल्या, "लग्नात आपल्या पोरानं, विलासनं, जावईबापूंचा कान पिळला, तेव्हा शर्टपँट घेतल्याबिगर सोडला नव्हता. ज्याचा कान पिळला त्यानं मागेल ते द्यायचं, ही रीत हाय. द्या आता."

रीत म्हटल्यावर खाशाबांचा इलाज चालेना. कान अजून जावयाच्या हातात होता. ते बारीक आवाजात म्हणाले, "काय पायजे ते मागा."

चांगुणानं पदर तोंडात धरला. मलाच मागून घ्या, एवढंच ती डोळ्यांनी सांगत होती.

सदोबानं कान सोडला आणि स्वतःच्या हाताकडं पाहिलं.

"एक फडकं द्या," तो म्हणाला. "हात पुसायचाय."

चांगुणानंच फडकं आणून दिलं. मग कुणाला न विचारता ती पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली. तिला अडवायला खाशाबा मागोमाग बाहेर आले. पण गाडी थंड पडली होती, खोकत होती, आणि सदोबा तळहात पुढं करून इकडंतिकडं बघत होता. ते पाहून खाशाबांनी मुलीला अडवायचा विचार सोडला. त्यांनी एक हात तोंडावर ठेवला, एक कानावर ठेवला, आणि नुसत्या पाठीनं रेटा देत लेकजावयाची गाडी वेशीपार घालवून दिली.