सशापुढचे रानडुक्कर

नदीकाठच्या एका जंगलात एक ससा राहत असे. धावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मुलांनो, दरवर्षी पळस फुलला की तिथे अलीकडच्या आणि पलीकडच्या काठाचा सामना होई. वाळका भोपळा ढकलत समोरच्यांच्या वडापर्यंत न्यायचा. जिंकणाऱ्यांना उन्हाळाभर डोहाचे पाणी मिळे. हरणाऱ्यांनी वाळूत खड्डे उकरून तहान भागवावी. भोपळा नेई ससा, पण त्याच्या पुढे रानडुक्कर धावे आणि आडवे येईल त्याला खांद्याने बाजूला सारी. भोपळ्याला त्याचे कधी नाकही लागले नव्हते. जिंकल्यावर भोपळ्याला शिवलेल्यांचीच नावे तित्तर पुकारी, अशी तिथली रीत होती.

यंदा सामन्याआधीच्या सभेत रानडुक्कर म्हणाले, "तीन वर्षं खांद्यावर मार खातोय. डोहाकाठची जांभळीखालची चिखलाची जागा मला द्या, दुसरं काही नको. पलीकडचे तर कधीचे बोलावताहेत."

"वा, डुकरदादा!" कोल्हा म्हणाला. "भोपळ्याला शिवायचं नाही आणि जागा मात्र सावलीतली! धावतो तो ससा. नुसतं पुढे पळायला काय, कुणीही पळेल."

"मग तू पळ की," साळिंदराने टोचले.

"माझी कंबर धरलीय रे!" कोल्हा म्हणाला, आणि सगळे हसले.

रानडुक्कर हसले नाही. "ससेभाऊ, तू सांग. तुला ठाऊक आहे."

सशाला ठाऊक होतेच. ती चिखलाने माखलेली रुंद पाठ पुढे दिसली, की त्याच्या पायांत बळ येई. पण त्याच जांभळीखालच्या झुडपात त्याची तीन पिल्ले होती. जागा दिली तर बिऱ्हाड हलवावे लागणार. शिवाय "धावतो तो ससा" हे शब्द अजून कानांत गोड वाजत होते. मान खाली घालून तो पुटपुटला, "मी काय सांगणार? सगळ्यांना वाटेल तसं."

"बरं," रानडुक्कर म्हणाले, आणि नदी ओलांडून गेले.

सामन्यात सशापुढे भेकराला उभे केले. भोपळा आला, ससा सुटला, आणि त्याने वर पाहिले. पुढे ती पाठ नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदाच रानडुकराचे तोंड समोरून दिसत होते. भेकर कधीच बाजूला पळाले होते.

"हो बाजूला, ससेभाऊ!" रानडुक्कर ओरडले. पण धावणाऱ्याला थांबता येईना, आणि येणाऱ्यालाही.

डोह गेला. मोडका पाय ओढत सशाने पिल्ले एकेक करून वाळूत आणली. जांभळीखालची जागा तशीही सोडावीच लागली. सकाळी उकरलेला खड्डा दुपारपर्यंत कोरडा पडे. कोल्हा म्हणे, "आपलं नशीबच फुटकं!" ससा पुन्हा वाळू उकरू लागे. चैत्र संपता संपता धाकटे पिल्लू गेले, वैशाखात मधले. उरलेले विचारी, "बाबा, तुम्ही पुन्हा धावणार ना?" ससा डोहाकाठच्या जांभळीकडे पाहत बसे. तिथे चिखलात ती रुंद पाठ निवांत पडलेली दिसे.

तात्पर्य : ज्याच्या आडोशाने आपण धावतो, त्याच्यासाठी वेळेवर एक शब्द बोलावा, तेव्हा गिळलेला शब्द पुढे कितीही रडून परत येत नाही.