भिंतीवरचा गीझर

कोल्हापुरातले घरमालक आप्पासाहेब इंगवले म्हणजे भिंतीतला खिळाही न सोडणारा माणूस. वरच्या मजल्यावरचे साळोखे घर सोडून निघाले, तर त्यांनी स्वतःच्या पैशानं बसवलेलं भिंतीवरचं कपाट आप्पासाहेबांनी अडवलं. "भिंतीत स्क्रू गेला की वस्तू घराची!" साळोखे बिचारे कपाट तिथंच सोडून जिना उतरले.

हे सगळं ऐकत उभ्या असलेल्या शेजारच्या भाडेकरू शैलजाताई पुढे आल्या. त्यांचा गॅस गीझर बिघडला होता आणि काल त्याचा विषारी वायू कोंडून सासूबाई न्हाणीघरात बेशुद्ध पडल्या होत्या.

"मेकॅनिक म्हणतो, नवाच बसवा. सात हजार लागतील."

"मग बसवा की! गीझर तुमचा, तुमचं तुम्ही बघा."

"अहो, माणूस मरता मरता वाचलंय!"

"त्याला मी काय करू?"

शैलजाताई जिन्याच्या खिडकीतून खाली डोकावल्या.

"आप्पासाहेब, गीझरही भिंतीत स्क्रूनंच बसलाय. तो माझा असेल, तर कपाट साळोख्यांचं. त्यांचा टेम्पो अजून खालीच उभा आहे. हाक मारू?"

आप्पासाहेबांनी घाईघाईनं खिडकी लावून घेतली. मग विचारलं, "नवा... कुठल्या कंपनीचा आणू?"