थंडोबाने डोळे मिटले

फार जुनी गोष्ट नाही. पण उन्हाळ्यांनी मोजली तर बरीच जुनी. अकोल्यातल्या एका घरात भिंतीवर एक एसी राहायचा. घरातले त्याला लाडाने थंडोबा म्हणत.

थंडोबा आता म्हातारा झाला होता. त्याला ऊन सोसत नसे, म्हणून इंदिराकाकू भर दुपारी गच्चीवर जाऊन त्याच्या बाहेरच्या पेटीवर ओलं पोतं टाकत. थंडोबा अर्धवट झोपेत गुरगुरे, "माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही."

"थंडोबा, जरा काकूंकडे बघ," छताचा पंखा हळूच म्हणाला.

काकू नुकत्याच खाली आल्या होत्या. चेहरा लालबुंद, पदर घामाने चिंब. "जुना झाला म्हणून त्याला टाकवत नाही गं," असं सुनेला सांगून त्या पुन्हा बादली भरायला गेल्या.

थंडोबाची झोपच उडाली. "आत्ताच थांबू का रे?"

"ऐन वैशाखात? सगळे भाजून निघतील."

थंडोबाने कसाबसा उन्हाळा निभावला. हिवाळाभर त्याला स्वप्नात ते पोतं दिसे. माघ सरताना, अंगावरच्या शाली अजून निघाल्या नव्हत्या, तेव्हा काकूंनी त्याला सहज सुरू करून पाहिलं. त्याने एक लांब, गार श्वास सोडला आणि डोळे मिटले. नवा शोधायला घराला आता भरपूर सवड होती.

पुढच्या वैशाखात काकू सवयीने बादली घेऊन उठल्या, दाराशी थबकल्या आणि परत येऊन आडव्या झाल्या. पंखा वरून बघत होता. थोड्या वेळाने काकूंनी झोपेतच पायाशी पडलेली चादर अंगावर ओढून घेतली.