गोजराबाईच्या जागेवरचा दगड

एकदा एका बाजारगावात एक वयोवृद्ध गुरुजी राहत असत. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर तीन तरुण नीतिशास्त्राच्या पाठाला येत. त्यांतल्या एकाचा व्यवसाय मोठा अदृश्य होता. इंटरनेटवर ज्या नावांनी लोक दुकाने शोधत येतात, ती नावे तो वर्षाला हजारभर रुपये भरून आपल्याकडे अडवून ठेवी आणि गरजवंत आला की चढ्या भावाने विकी. अशा माणसाला सगळे जग चोर दिसते. नाव टाइप करताना तो दुसऱ्या हाताने कळा झाकी, मग खोलीत फक्त मांजर का असेना.

एकदा पाठ संपल्यावर गुरुजी सहज म्हणाले, "आमच्या बाजारातल्या गोजराबाई लोहारणीची विळी आता शहरातून लोक मागवू लागले म्हणे. चाळीस वर्षांच्या कष्टांचे चीज झाले." ऐकणारे तिघेच होते. घरी पोचायचीही वाट न पाहता, रस्त्यातच उभे राहून या शिष्याने 'गोजराबाई विळी' हे नाव आपल्याकडे करून घेतले.

महिन्याभराने गोजराबाईची नातसून नाव घ्यायला गेली तर ते आधीच गेलेले. मागोमाग एक निनावी पत्र आले. 'दोन लाख द्या. नाहीतर पत्र्याच्या विळ्या काढणारा एक कारखानदार हे नाव घ्यायला तयार आहे.' पत्र शिष्याचेच होते, आणि कारखानदारही खोटा नव्हता. उद्या त्याच्या पत्र्याच्या विळ्या म्हातारीच्या नावाने विकल्या गेल्या असत्या. गोजराबाईने ही हकीकत गुरुजींच्या कानावर घातली.

हे कळल्यापासून शिष्याला स्वस्थता उरली नाही. गुरुजींनी 'अस्तेय' शब्द उच्चारला की त्याला वाटे, हा बाण आपल्यालाच. त्यांनी पाण्याचे भांडे पुढे केले तरी मनात येई, आज मलाच आधी का? चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच.

अशात एका बुधवारी उजाडताच गुरुजी त्याला बाजारात घेऊन गेले. त्या बाजाराची एक जुनी रीत होती. जागेवर आधी येऊन दगड ठेवला की ऊन वडाच्या पारावर चढेपर्यंत ती जागा दगडवाल्याची. मग त्याने तिथे आपला माल मांडावा, नाहीतर उठावे. गुरुजींनी एक मोठा दगड उचलला आणि कडुनिंबाखाली, गोजराबाईच्या नेहमीच्या जागेवर ठेवला.

"इथे बस. कोणी जागा मागितली तर दोनशे रुपये सांग. एक रुपया कमी नाही," असे म्हणून ते पारावर जाऊन बसले.

म्हाताऱ्याला सगळे कळले आहे, शिष्याच्या मनात आले. पण कळले असेल तर बोलत का नाही?

गोजराबाई पोते घेऊन आली. शिष्याने मान खाली घालून दोनशे रुपये सांगितले. तिने दगडाकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले.

"ऱ्हाऊ दे बाबा," म्हणाली आणि गटाराच्या पलीकडे, शेरडांच्या बाजारामागे जाऊन बसली.

मग गिऱ्हाइके येऊ लागली. जो तो दगडापाशी थबके आणि विचारी, "गोजराबाई कुठं?" जागा कोणालाच नको होती. शिष्य पलीकडे बोट दाखवी. काही जात, काही कंटाळून परतत. शेवटी एक बाई आली, तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली विळी होती.

"मागल्या बाजाराला बी न्हवती. दुखणंबिखणं न्हाई ना?" ती दगडाला विचारावे तसे पुटपुटली. "तीन कोस चालत आले. लगीनघर हाय, धार तिच्याच हातची पायजे." उत्तराची वाटही न पाहता ती मागे वळली.

शिष्याला ते पाहवेना. त्याने दगड उचलून बाजूला टाकला, बाईला हाक मारून थांबवले, आणि गटारापलीकडून गोजराबाईचे पोते स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला. ऊन अजून पारावर चढायचे होते.

पोते टेकवून तो गुरुजींपुढे उभा राहिला. "गुरुजी, तुम्हाला केव्हा कळले?"

"आत्ता," गुरुजी म्हणाले. "ती गोष्ट मी तुम्हा तिघांपुढेच बोललो होतो. गेले दोन बुधवार बाकीच्या दोघांना या दगडाशी बसवले. त्यांना त्यात आपले काही दिसले नाही. ऊन चढेपर्यंत बसले आणि कंटाळून घरी गेले. दगड उचलणारा तूच."

शिष्याची मान वर होईना. गुरुजींचा स्वर मात्र चढला नाही.

"ओसाड माळावर दगड ठेवून, इथून कधीतरी रस्ता जाईल म्हणून कोणी वाट पाहत बसला, तर त्याला मी नावे ठेवणार नाही. ती त्याची दूरदृष्टी. पण या जागेला मोल कोणी आणले? आज इतके लोक तुझ्या दगडापाशी आले, त्यांतला एक तरी दगडासाठी आला होता का? नाव दुसऱ्याच्या श्रमाने मोठे होते, आणि तू त्यावर बसून त्याच धन्याकडे भाडे मागतोस. बरे, मीही धुतल्या तांदळासारखा नाही. दोन निरपराध मुलांवर महिनाभर संशय घेतला. आज संध्याकाळी मला त्यांची क्षमा मागायची आहे."

शिष्याने तिथेच फोन काढला आणि कडुनिंबाखाली बसून ते नाव गोजराबाईच्या नातसुनेकडे वळते केले. या वेळी कळा झाकायला दुसरा हात पुढे आला नाही. मोबदल्याची गोष्टही त्याने काढली नाही.

गोजराबाई त्या बाईच्या विळीला धार लावत होती. काम न थांबवता तिने पाराकडे पाहिले.

"गुरुजी, तिसरा बाजार झाला. चोर घावला असंल, तर पुढल्या बुधवारी माझी जागा मला मिळंल का?"