‘सिप’पुढे काय लिहावं?

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, गळ्याशपथ. म्हणजे चहा खरा, फकीर खरा; टेकडी मात्र होती त्याहून थोडी उंच केली आहे.

“तर ‘सिप’ म्हणजे काय, तेवढं सांगा,” टेकडी चढून आलेले प्राध्यापक देवस्थळी धापा टाकत फकिराला म्हणाले.

“एवढे शिकलेले तुम्ही, आणि मला विचारता, मास्तर?” गैबीबाबा हसले.

“मास्तर नव्हे, प्राध्यापक. तुम्ही गोऱ्या साहेबांकडे वीस वर्षं खानसामा होता, म्हणून आलो. अकरा वर्षं इंग्रजी-मराठी कोश लिहितोय. उद्या छापखान्यात द्यायचाय, आणि हा एकच शब्द अडलाय.”

“घोट लिहा की.”

“घोट मोठा होतो.”

“फुरका?”

“त्यात आवाज येतो. साहेब आवाज करत नाही.”

“मग चाखणं?”

“चाखून माणूस मत देतो. इथे नुसतं प्यायचंय... पण जरासंच.”

बाबांनी चुलीवरचा चहा पेल्यात ओतून पुढे केला.

देवस्थळींच्या घरची रीत अशी, की भांड्याला ओठ लावायचा नाही. पाणी, ताक, चहा, सगळं वरून. घरी बायको चहा निववून देई. इथे ते विसरले. मान मागे, पेला वर, आणि उकळता चहा थेट घशात!

प्राध्यापक शांत राहिले.

“जन्मभर असंच पिता?”

प्राध्यापकांची मान होकारार्थी हलली.

“म्हणजे सिप कधी घेतलाच नाही?”

बाबांनी स्वतःचा अर्धा प्यालेला पेला पुढे सरकवला. “घ्या. हा निवलाय.”

देवस्थळींनी पेल्याकडे पाहिलं. काखेतल्या कोशाच्या बाडाकडे पाहिलं. डोळे मिटून ओठ काठाला टेकवले... थेंबभर आत गेला. मग आणखी थेंबभर.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि घाईघाईनं पेन काढलं.

“हेच ते! पण बाबा, याला म्हणायचं काय? लिहू काय?”

इथे एक कबुली. प्राध्यापक शांत राहिले, हे माझ्या पदरचं. ते असे कोकलले, की खालच्या वाडीतली माणसं काठ्या घेऊन वर आली. बाबांचं उत्तर त्यांच्यादेखत झालं, म्हणून त्याला तरी साक्षीदार आहेत.

“जागा कोरी सोडा, मास्तर. वाचणारा तिथं थांबेल. तेवढ्यात त्याचा चहा निवेल.”