येतो आम्ही

त्या राज्यात एकच तळे होते, आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान होता. गढूळपणा यायचा, दोन दिवसांत निवळून जायचा. वास यायचा, वाऱ्याबरोबर निघून जायचा. येणारे-जाणारे सगळे तळ्यात पाणी आणणाऱ्या पाटाच्या तोंडावरून जात. निघताना "जातो" असे अशुभ कुणी बोलत नसे, "येतो" म्हणत. तिथे बसलेले म्हातारे कासव मान हलवून निरोप द्यायचे. त्याच्या हातून आजवर चूक झाली नव्हती. असे ते स्वतःच सांगायचे.

मग वर डोंगरावर कुणीतरी अशा कढया करू लागले, की ज्यांना काहीच चिकटू नये. तिथून पाटाच्या पाण्याबरोबर त्या कढयांच्या लेपातले निसरडे आले. नीटनेटके, गुळगुळीत, ना रंग ना वास. अदबीने म्हणाले, "येतो आम्ही, आजोबा." कासवाला वाटले, पाहुणे निघाले. त्याने मान हलवली, आणि निसरडे आत गेले.

ते निवळले नाहीत, उडाले नाहीत, उन्हाने आटले नाहीत. माशांच्या काळजात बिऱ्हाड करून राहिले. बगळ्यांच्या गळ्याशी गाठी आल्या. अंड्यांची टरफले पातळ झाली. आई उबवायला बसली की फुटत. तळ्याला दोष देणे कुणाला शोभत नव्हते, म्हणून सुनांना दिला.

अशी दोन वर्षे गेली, आणि हळदीकुंकू बदकांच्या घरात सगुणा सून म्हणून आली. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू, दोन्ही ताजे. ती फारशी बोलत नसे. नव्या सुनेला सासरी आजूबाजूला बघायला वेळ पुष्कळ मिळतो. पहिली अंडी घालायला महिना उरला होता, आणि फुटलेली टरफले तिने दारोदार पाहिली होती.

ती पाटाशी जाऊन बसू लागली. निरोप घेणाऱ्याची तळ्याकडे पाठ असते. "येतो" म्हणणाऱ्या निसरड्यांची तोंडे तळ्याकडे होती. आणखी एक तिला दिसले. वणव्यात जळलेल्या झाडाचे चार कोळसे पाटात पडले होते, आणि कशालाच न चिकटणारे निसरडे त्यांना मात्र घट्ट चिकटत होते.

सगुणा वणव्याच्या जागेवरून चोचीने कोळसे आणून पाटात टाकू लागली. चौथ्या दिवशी सासूने वाट अडवली.

"हळद उतरली नाही, तोवर तोंड काळं करून आलीस?"

"हो, आत्याबाई. अजून दोन खेपा आहेत."

सासूने आपल्या घरट्याकडे पाहिले. दोन वर्षे ते रिकामे होते. मग तिने एक कोळसा उचलला, त्यातल्या त्यात मोठा.

महिन्याभरात पाट कोळशाने भरला. आधीच आत गेलेल्यांना कुणी काढू शकले नाही. नवे मात्र थांबले. भरलेले कोळसे काढून नवे घालावे लागत. काढलेल्यांचा ढीग झाला. जाळावा तर निसरडे धुरातून सुटतील, पुरावा तर झिरपतील. तेव्हा कासव पाटावरून उठले आणि ढिगावर जाऊन बसले.

"आत मीच सोडले," ते म्हणाले. "आता मीच धरतो."

सगुणाच्या पाच अंड्यांपैकी चार टिकली. पिल्ले पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा काळ्या चोचीची सासू ताठ मानेने पुढे पोहत होती, आणि विचारणाऱ्याला सांगत होती, की ही पिल्ले आमच्या सुनेची.

कासवालाही बोलावणे होते. ते ढिगावरून उठले नाही. त्याचे दिवस भरत आले होते, निसरड्यांचे नव्हते. पिल्लांकडे बघत ते फक्त थोडे बाजूला सरकले, मागून येणाऱ्या आणखी एका कासवापुरते.