राजाच्या रांजणातलं अमृत

"ज्याची दारू सगळ्यात वाईट निघेल, त्याची मडकी फोडा आणि भट्टी कायमची बंद करा!"

राजा तडकसिंहाने भर मैदानात फर्मान सोडलं, आणि घरची नाचणीची दारू घेऊन स्पर्धेला आलेल्या बायाबापड्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण यंदा खुद्द राजाही स्पर्धेत उतरला होता, आणि परीक्षकही तोच होता! पहिला नंबर कुणाचा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आता शेवटचा नंबर कुणाच्या बोडक्यावर बसतो, एवढंच पाहायचं होतं.

राजाने नाचणी आंबवायला घातली खरी, पण त्याला दम कुठला निघायला! रोज सकाळी रांजणाचं झाकण काढायचं, आत डोकं घालायचं आणि विचारायचं, "झाली का गं?" वर कधी केशर टाक, कधी गुलाबपाणी ओत. आत काय होऊन बसलंय ते मुदपाकखान्यात सगळ्यांना वासावरून कळलं होतं. राजाच्या कानात मात्र अत्तराचा फाया! त्याला कसला वास येतोय?

तिकडची रीत अशी, की दारू करणाऱ्याने पहिला द्रोण सगळ्यांसमोर आपण प्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. सगळे तसे प्यायले. राजाच्या रांजणाची पाळी आली तेव्हा मात्र रीत कुणालाच आठवेना. प्रधानांनी पहिला घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अमृत, महाराज!" ते कसेबसे म्हणाले.

सेनापतींना उचकी लागली. "अमृतच... हिक्... त्याहून वरचढ!"

राजा फुगला. "मग शेवटचा नंबर कुणाचा?"

प्रधानांनी रांगेवर नजर फिरवली आणि टवका उडालेल्या मडक्यावर बोट ठेवलं. ते मडकं धुरपाचं होतं. तिच्या हातची दारू असल्याशिवाय आसपासच्या गावांत लग्न लागत नसे, आणि तिचं घर त्यावरच चालत होतं.

"अवो, चाखली कुटं तुमी माजी?" धुरपा पदर खोचून पुढे आली. "न चाखताच भट्टी बंद?"

"राजाशी हुज्जत?" तडकसिंह खवळला. "ठीक आहे! माझी दारू पी आणि कशी झालीय ते सांग. खोटं बोललीस तर मडकी फोडीन. नावं ठेवलीस तर कोठडीत टाकीन. गप्प बसलीस तर दोन्ही करीन!"

प्रधान मिशीतल्या मिशीत हसले.

धुरपाने शांतपणे राजाच्या रांजणातून द्रोण भरला आणि राजापुढेच धरला.

"हे काय?"

"आमच्यात करणाऱ्यानं आदी प्यायचं असतंय, म्हाराज. तुमी प्यायल्याबिगर म्या कशी तोंड लावू? पाप लागंल की!"

"हात्तिच्या! आण इकडे!" म्हणत राजाने अख्खा द्रोण एका दमात घशात ओतला.

मग एक डोळा मिटला. दुसरा मोठा झाला. ओठ नाकापर्यंत गेले, नाक कपाळाकडे निघालं आणि मुकुट घसरून मानेवर आला. राजाने घोड्यासारखी मान झाडली, तीनदा थू थू केलं आणि सिंहासन घट्ट धरून ठेवलं.

धुरपाने दुसरा द्रोण भरला, घोट घेतला आणि तोंड पुसलं.

"आता बोल!" राजा घोगऱ्या आवाजात ओरडला. "कशी आहे?"

"म्या गरिबानं काय बोलायचं, म्हाराज? आत्ता तुमच्या तोंडानं जे सांगितलं, त्याच्याम्होरं माजा एक शबुद न्हाई. राजाचं तोंड कदी खोटं बोलतंय व्हय?"

राजाने आ वासला. खोटं म्हणावं तर आपलंच तोंड, आणि नावं ठेवली म्हणावं तर तीही आपणच ठेवलेली! तो घुश्शातच धुरपाच्या मडक्यातला द्रोण प्यायला. मग दुसरा प्यायला. तिसऱ्याला त्याचा मुकुट आपोआप सरळ झाला.

"पहिला नंबर धुरपाचा!" तो गरजला. मग त्याचा चेहरा पडला. "पण फर्मान माझंच. माझाच रांजण फोडायचा आता?"

"कशापायी फोडताय?" धुरपा म्हणाली. "परधानजी आन् सेनापतींला अमृत लागलंय त्ये. अमृत काय मातीत सांडायचं असतंय व्हय? समदं त्येंनाच पाजा की!"

राजा असा खदखदून हसला, की सिंहासन मागे कलंडलं. हसत हसतच त्याने हातातलं सोन्याचं कडं धुरपाच्या ओच्यात टाकलं, तिला परीक्षकाच्या आसनावर बसवलं आणि प्रधानांच्या हातात आपल्या रांजणातला भरलेला द्रोण दिला.